एका हाताची पाटी

मी मोशीत लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचा चहा गावात नावाजलेला होता. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. त्या चालू-बोलू लागल्या, पण डावा हात लुळा राहिला. त्यानंतर घरी कुणी आलं की त्या आतल्या खोलीत जाऊन बसायच्या. पाहुण्यांपुढे चहा दुसऱ्याच्या हातानं जावा, हे त्यांना बघवत नसे.

मी तेव्हा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चहा-नाष्टा मांडून न्यायच्या लाकडी पाट्या, म्हणजे ट्रे, करून विकायची. लाकूड कापणं, घासणं, तेल पाजणं, एवढंच माझं काम. मामंजी भोसरीच्या एका कंपनीत जन्मभर फिटर होते. निवृत्त झाल्यावर शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचे आणि माझ्या कामात खोड काढायचे.

एक दिवस त्यांनी विचारलं, "ही पाटी एका हातानं उचलता येईल का?"

"कडेला धरून? नाही येणार."

"मधी कमान लावली तर?"

दुसऱ्या दिवशी ते भंगारातून पितळेची सळई घेऊन आले. लोखंडी शिकंज्यात धरून वाकवली आणि पाटीच्या मधोमध कमान बसवली. सासूबाईंनी उजव्या हातानं उचलली, तशी पाटी कलली आणि दोन्ही कप फरशीवर फुटले. त्या आत गेल्या. मामंजी तुकडे वेचत बसले. मी झाडू आणला तर म्हणाले, "राहू दे. माजंच चुकलं. कमान ठेंगणी झाली."

आठवडाभर ते शेडमधून हलले नाहीत. कमान उंच केली. पितळ हातात घसरतं म्हणून जाड रबराची मूठ करायचं ठरवलं. त्यासाठी कणकेचा गोळा घेऊन ते सासूबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले.

"ह्यो मुठीत धर. दाब."

"आता ह्या वयात काय खेळ चाललाय?"

"दाब म्हंतो ना."

सासूबाईंनी दाबला. मामंजींनी त्यांची बोटं एकेक करून सोडवली, आणि मग कणकेकडे न बघता तो हात तसाच थोडा वेळ धरून ठेवला. मी दारातून मागे फिरले.

कणकेवरचे बोटांचे ठसे बघून त्यांनी रबर पॉलिश पेपरनं घासलं, चार बोटांना चार खळगे केले. मशीनच्या जुन्या पट्ट्याच्या रबराचे चार गोल कापून पाटीखाली पाय लावले. एका हातानं कप ठेवताना पाटी धरायला दुसरा हात नाही, आणि ओटा ग्रॅनाइटचा, घसरडा. आता पाटी जागची हलेना.

पुढच्या रविवारी नणंद आणि तिच्या सासरची माणसं आली. मी चहा गाळला, पण कप सासूबाईंनी मांडले. कमान धरली, क्षणभर थांबल्या आणि बाहेर गेल्या. मी मागोमाग जाणार होते, मामंजींनी मान हलवून मला थांबवलं. एक थेंब सांडला नाही. सगळ्यांना चहा दिल्यावर त्या मामंजींपुढे आल्या.

"घ्या."

"साखर हाय ना?" एवढंच ते बोलले.

नणंदेनं त्या पाटीचा फोटो नातेवाइकांना पाठवला आणि मागणी सुरू झाली. मला वाटलं, एका मापाच्या दहा-वीस मुठी करून ठेवाव्यात. मामंजी ऐकेनात. "हात बघितल्याबिगर मूठ कशी करू?"

मग तळेगावहून एक मुलगा त्याच्या आईला स्कूटरवर मागे बसवून घेऊन आला. तिचाही एक हात लुळा पडलेला. सासूबाईंनी स्वतः कणीक मळली, एका हातानं, परातीखाली ओलं फडकं ठेवून. गोळा तिच्या मुठीत दिला आणि शेजारी बसून म्हणाल्या, "जोरात दाबा बाई. लाजू नका. मीबी लाजले होते."