कडक इस्त्री

लाँड्रीवाल्या काकूंना दिवसभर जिभेला लगाम घालूनच धंदा करावा लागे. कोणी म्हणे बटण तुटलं, कोणी म्हणे कोट आखडला, कोणी स्वतःच सांडलेल्या सॉसचा डाग दाखवून "हा तुमच्याकडेच पडला" अशी शपथ घेई. काकू गोड हसून म्हणत, "ठेवा ना, पुन्हा धुऊन देते." मागे वाफेच्या प्रेसवर उभ्या असलेल्या काकांना त्यांची फक्त पाठ दिसे. पण पाठीवरूनही त्यांना कळे, की आत शब्द उकळताहेत.

त्या शब्दांना वाट मिळाली ती लेकीच्या नोकरीमुळे.

लेक फोन बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. तिथल्या कॅमेऱ्यावर ती काम करायची. पहिल्या पगारात तिने आईला तोच फोन आणून दिला. काकू रोज कौतुकाने कंपनीच्या पेजवर डोकावायच्या, न जाणो लेकीबद्दल कोणी चार बरे शब्द लिहिले असतील! एका दुपारी दिसलं ते असं: "हा कॅमेरा बनवणारे आंधळे आहेत का?"

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. आंधळी? माझी पोर? एका बोटाने अक्षरं शोधत त्यांनी लिहिलं, "कॅमेरा समोर असेल तेच दाखवतो. आधी तोंड धुऊन या."

संध्याकाळपर्यंत शेकडो लोक त्यावर हसून गेले. जन्मात पहिल्यांदा काकूंनी एखाद्या कटकट्या माणसाला तोंडावर उत्तर दिलं होतं, आणि तरी दुकान बंद पडलं नव्हतं!

मग काय, चटक लागली. "कडक इस्त्री" असं नाव घेऊन काकू रोज मैदानात उतरू लागल्या. लेकीच्या कंपनीची बाजू राखून भागेना, तेव्हा दुसऱ्या एका कंपनीच्या अंगणात शिरून भांडू लागल्या. तिचे फोन, तिच्या जाहिराती, कशालाच त्यांनी सोडलं नाही. जोडीला एक साथीदारही मिळाला. "जुना गडी" नावाचा कोणी काकूंच्या प्रत्येक फटक्याखाली "वा काकू, धुतलंत!" असं लिहायचा.

"अगं, त्या फोनला तू कधी हात तरी लावलायस का?" काकांनी विचारलं.

"साप विषारी आहे हे कळायला चावून घ्यावं लागतं?"

काका पुन्हा कॉलरीकडे वळले.

एका सुटीच्या दिवशी लेक आली. दुकान बंद होतं. काकू मोज्यांच्या जोड्या लावून ठेवत होत्या. लेकीने स्टूल ओढलं आणि म्हणाली, "आई, मी नोकरी बदलली. महिना झाला."

"अरे वा! कुठे?"

लेकीने कंपनीचं नाव सांगितलं. काकूंच्या हातातला मोजा हातातच राहिला. प्रेसजवळ काकांना एकाएकी जोराचा खोकला आला.

"तिथे कॉफीच्या मशीनशेजारी एक फळा आहे," लेक सांगू लागली. "लोकांच्या जहरी कॉमेंटा छापून लावतात त्यावर. पहिल्याच दिवशी एक वाचली. 'या कॅमेऱ्यात माणूस असा दिसतो, जणू गरम पाण्यात धुतलेला लोकरीचा स्वेटर.' आई, असं जगात एकच बाई बोलते."

काकू ओशाळल्या, पण पुरत्या नाही. "फळ्यावर लावली? म्हणजे आवडली असेल."

"सगळे हसतात. माझ्या शेजारची मुलगी नाही हसत. फोटोत चेहरे नीट यावेत, ते काम तिचं होतं. दोन वर्षं खपली त्यावर. म्हणते, घरी आईने पेज उघडलं की मी फोन काढून घेते तिच्या हातातून."

काकूंनी हातातला मोजा खाली ठेवला. मग म्हणाल्या, "मला काय माहीत, तिथेही कोणाची पोर बसलीय ते. मला वाटलं, कंपनी आहे."

लेक हसली. "मी तिला अजून सांगितलेलं नाही कोण ते. मलाही लाज वाटते ना!"

लेक गेल्यावर काकूंनी ती कॉमेंट पुसली आणि वर लिहिलं, "यांचा कॅमेरा हातात घेऊन बघितला. चेहरे चांगले येतात. मी उगीच बोलले होते." लेकीने दाखवायला आणलेल्या फोनवर त्यांनी काकांचा फोटो खरोखर काढून पाहिला होता.

आणि आभाळ फाटलं! "विकली गेली!" "काय मिळालं काकू?" काल टाळ्या पिटणारे आज दगड घेऊन उभे. सगळ्यांत पुढे जुना गडी: "तुम्हाला आपलं समजत होतो. थूः!"

बाकीच्यांचं काकूंनी मनावर घेतलं नाही. हे मात्र लागलं. तरी काउंटरवरची सवय कामी आली. भडकलेल्या गिऱ्हाइकाला आधी बसवायचं असतं. त्यांनी त्याला वेगळा निरोप धाडला, "दादा, नक्की काय झालं ते सांगा बरं."

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "घरात सगळे म्हणत होते दुसरा फोन घ्या. मी हट्टाने आपल्या कंपनीचाच घेतला. आता कोणी दुसऱ्याला चांगलं म्हटलं, की जेवताना मुलं माझ्याकडे बघून हसतात. तुम्ही माझ्या बाजूने होतात."

काकूंनी ते काकांना वाचून दाखवलं. "म्हणजे फोनचं काहीच नाही यात," काका म्हणाले.

"कधीच नव्हतं," काकू म्हणाल्या आणि लिहायला बसल्या. "तुमचा फोन उत्तम आहे. माझ्याही हातात तोच आहे, आणि मी तो बदलणार नाही. मुलांना सांगा, काकूंनी सांगितलंय." त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं, आणि लगेच विचारलं, शर्टावरचा शाईचा डाग निघतो का?

फोनच्या भांडणात काकू आता पडत नाहीत. कॉमेंटा मात्र अगदीच सुटलेल्या नाहीत. परवा एका वॉशिंग मशीनच्या कंपनीला त्या झोडपत होत्या, तेव्हा काका हळूच म्हणाले, "तिथेही कोणाची तरी लेक असेल हं."

"असू दे की," काकू मान वर न करता म्हणाल्या. "तिलाच सांगतेय मी, बाई गं, तेवढी गाळणी धड बसव."