टेपमावशी आणि माझं पोट

टेपमावशीसमोर पोट आत ओढून उभं राहणं हा गुन्हा होता. भाईंदरला केबिन रोडच्या एका गल्लीत तिचं ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस शिवायचं दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. त्यात एक शिलाई मशीन, एक आरसा, एक स्टूल आणि मावशी एवढंच मावायचं. गिऱ्हाइकाने मशीनला टेकूनच माप द्यायचं. मावशी पोटाभोवती टेप गुंडाळायची आणि वाट बघायची. आपण श्वास रोखलेला, तीही थांबलेली. शेवटी आपलाच दम सुटायचा, पोट आपल्या मूळ जागी यायचं आणि मावशी समाधानाने आकडा वाचायची. तोही मोठ्याने, समोरच्या पाणीपुरीवाल्यालाही कळेल असा. त्याला आमच्या भागातल्या सगळ्या बायकांची मापं पाठ असणार, असा मला दाट संशय आहे.

"पोट सोर," असं ती म्हणायची. ती जुन्या भाईंदर गावातली, मिठागरवाल्यांच्या घरातली, त्यामुळे तिच्या तोंडात 'सोड'चं 'सोर' व्हायचं. गुजराती बायकांना तीच आज्ञा हिंदीत मिळायची, "भाभी, पेट छोडो." एकदा एका सोसायटीच्या चेअरमनबाईंनी, "अहो मावशी, मी मुळात अशीच आहे," असं सांगून बघितलं. मावशी टेप धरून ढिम्म उभी. "आता तू खोटा बोल," ती म्हणाली, "लग्नान हूक तुटल तवा खरा बोलशील." चेअरमनबाईंनी मुकाट्याने पोट सोडलं.

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले तेव्हा एकतीस वर्षांची होते. भाईंदरातच, इंद्रलोकला आईबरोबर राहायचे, एका कुरियर कंपनीच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीवर बसायचे. मला अकराव्या वर्षापासून टाइप वन डायबेटिस आहे. म्हणजे माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. ते दिवसातून चार वेळा सुईने बाहेरून घालायचं, जन्मभर. मी लहानपणी पेढे जास्त खाल्ले म्हणून हे झालं, असं आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांचं मत आहे आणि ते बदलण्याच्या भानगडीत मी आता पडत नाही.

तर पोट. माझे हातपाय बारीक आणि पोट मात्र माझ्या अर्धं पाऊल पुढे चालणारं. एकदा बसमध्ये एक सज्जन गृहस्थ घाईघाईने उठले. "बैठो दीदी, ऐसी हालत में खडे नहीं रहना चाहिए." मी बसले. पाय दुखत होते आणि त्यांचा चांगुलपणा वाया घालवणं जिवावर आलं. उतरताना त्यांनी "कितवा महिना?" असंही मराठीत विचारलं, तेव्हा मी "सहावा" म्हणून सांगितलं.

हे पोट कमी करायचं तर आमच्या जातीच्या पेशंटची निराळीच गंमत असते. बाकीचे लोक चालायला जातात आणि बारीक होतात. मी चालायला गेले की वीस मिनिटांत शुगर पडायची. दरदरून घाम, हात लटपट आणि डोळ्यांपुढे काजवे. मग जो दिसेल त्या ओट्यावर बसून ग्लुकोज बिस्किटांचा अख्खा पुडा खायचा. जेवढं गाळलं त्याच्या दुप्पट गिळून मी घरी यायचे. आई रत्नागिरीची, तिला भात बंद करणं हा एकच उपाय ठाऊक, आणि तोही स्वतःचा सोडून दुसऱ्याचा. शेजारून कारल्याचा रस यायचा. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कारल्यान तोंड वाकरा होतं गो, पोट न्हाय."

तिला माझ्या दुखण्याबद्दल सांगायची वेळ कशी आली, तेही सांगते. माझ्या ड्रेसचं फिटिंग चाललं होतं आणि मध्येच "थांब जरा" म्हणून तिने पदर बाजूला केला, कमरेवर चिमूट धरली, इन्सुलिनचं पेन टोचलं, दहापर्यंत मोजलं आणि परत माझ्या बाहीला टाचणी लावली. तोंडात दुसऱ्या टाचण्या होत्याच. मी बघतच राहिले. मी हे काम ऑफिसच्या बाथरूममध्ये कडी लावून करायचे. तिचाही आजार माझाच निघाला, टाइप वन, सतराव्या वर्षापासूनचा. "आमचे घरान मिठाचा धंदा, आन् मना रोग साखरेचा," ती म्हणाली आणि स्वतःच हसली. तिच्या काळात काचेची सिरिंज असायची आणि ती रोज टोपात उकळावी लागायची. "आय एकदा टोप इसरली, त्यानच चाय केली. बापाला बोलली, पी, साखर लागनार न्हाय."

त्याच वर्षी मला एक स्थळ सांगून आलं. मंडळी विरारची, मोकळ्या मनाची. आजार त्यांच्यापासून लपवला नव्हता आणि त्यांनी तो मोठ्या मनाने मान्यही केला. दोन दिवसांनी मध्यस्थांकडून निरोप आला, मुलगी पसंत आहे, पण पोटाचं काही करता आलं तर बघा. म्हणजे डायबेटिस चालला, पोट चालेना! मी हसले आणि मग खोलीत जाऊन रडले. तीन महिन्यांनी पुन्हा भेटायचं ठरलं होतं.

आणि मग मी ती गोष्ट केली. हा आजार कळण्याआधी माझी अगदी काडी झाली होती, हे माझ्या लक्षात होतं. इन्सुलिन नसलं की खाल्लेलं अंगी लागत नाही, वजन भराभर उतरतं. आमच्यासारखीला हे कुणी शिकवावं लागत नाही. मी दुपारची सुई गाळायला लागले, मग रात्रीची अर्धी केली. घसा सारखा कोरडा पडायचा, पाण्याच्या बाटल्या रिकाम्या व्हायच्या, बाथरूमच्या फेऱ्या संपायच्या नाहीत. पण पोट उतरत होतं. ऑफिसात सगळे विचारायचे, "कुठलं डाएट करतेयस? सांग ना यार." लिफ्टमध्ये कौतुक, आईच्या भिशीत कौतुक. ज्या बाई कारल्याचा रस पाठवायच्या, त्यांनी तर सगळं श्रेय स्वतःकडे घेतलं. इतकं कौतुक माझं बारावीतसुद्धा झालं नव्हतं.

सहा आठवड्यांनी मी नवीन साडीचं ब्लाऊजपीस घेऊन मावशीकडे गेले. तिने सांगायच्या आत पोट सोडून उभी राहिले, ऐटीत. तिने टेप लावला. अडीच इंच कमी. मी तिच्या तोंडाकडे बघत होते, पण तिने आकडा मोठ्याने वाचला नाही. पुन्हा माप घेतलं. मग मशीनवर ठेवलेल्या माझ्या रिकाम्या बाटलीकडे बघितलं.

"पानी किती पितंस?"

"उन्हाळा आहे मावशी."

"तोंड उघर."

मी तोंड उघडलं. तिने जवळ येऊन वास घेतला. माझ्या श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास येत होता. मला वाटायचं पोट रिकामं असतं म्हणून येत असेल.

"सुई चुकवतंस?"

"नाही," मी म्हटलं.

ती जी ओरडली! दुकानाबाहेर दोन बायका थांबल्या होत्या, त्या मागे सरकल्या. ब्लाऊजपीस तिने माझ्या अंगावर फेकलं. "मयताचा कापर मी शिवत न्हाय! ने तुझा कापर!" मला तोपर्यंत उभंही राहवत नव्हतं, आणि आता उलटी होणार हे मला कळलं. ती झाली, तिच्या उंबऱ्यावरच. मावशीने शटर ओढलं, मला रिक्षात कोंबलं आणि शिव्या देत देतच दवाखान्यात नेलं. रिक्षावाल्याला माझी दया आली. "माँजी, बस करो, बेचारी रो रही है." मावशी त्याच्यावर खेकसली, "तू गाडी चला!"

चार दिवस मी ऍडमिट होते, दोन्ही हातांत सुया. रक्तात ऍसिड साठलं होतं. आणखी एक दिवस असाच गेला असता तर अवघड होतं, असं डॉक्टरांनी आईला सांगितलं. आई रडायला लागली तेव्हा मावशी तिला म्हणाली, "रडाचा काम मंग कर, आधी काय ते समजून घे." मला मात्र मावशीचा भयंकर राग आला होता. दोन परक्या बायकांसमोर आणि पाणीपुरीवाल्यासमोर माझी अब्रू गेली होती. मरता मरता वाचल्यापेक्षा मला त्याचंच जास्त वाईट वाटत होतं, इतकी मी मूर्ख होते.

घरी आल्यावर पहिल्याच रविवारी तिने मला दुकानात बोलावलं, पडदा ओढला आणि बेंबीच्या दोन्ही बाजूंना दोन बोटं दाबली. तिथे मला कधी दुखायचं नाही, म्हणून वीस वर्षं मी त्याच दोन जागी टोचत आले होते. "ही चरबी न्हाय," ती म्हणाली, "ही तुझी आलस हाय." हाताला खरंच दोन घट्ट गाठी लागत होत्या. माझ्या मिरवत्या पोटाचा बराचसा भाग म्हणजे त्या गाठी! त्यांच्यात टोचलेलं इन्सुलिन कधी आतच अडकायचं, कधी एकदम सुटायचं. मग शुगर पडणार, मग बिस्किटं, मग पोट. डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. नव्या जागी टोचलं की औषध पुरेपूर लागेल, म्हणून त्यांनी डोस आधी कमी करून दिला आणि गाठींना हात लावायचा नाही अशी ताकीद दिली.

मग मावशीने शिवणाचा खडू घेतला आणि माझ्या पोटावर चौकोन आखले. हा सोमवारचा, हा मंगळवारचा. बुधवारी मांडी. दर रविवारी खडू नव्याने. गुदगुल्या व्हायच्या, हसले की रेघ वाकडी जायची आणि मला चापट बसायची. चालणं पुन्हा सुरू झालं, जेवल्यानंतरचं, आणि कुठला डोस किती घ्यायचा हे डॉक्टरांना विचारून. शुगर पडली तर पुडा नाही. "तीन चमचे साखर पान्यान, आन् पंधरा मिनिटा हाताची घडी." त्या पंधरा मिनिटांत जग खाऊन टाकावंसं वाटतं, पण मावशीच्या धाकाने मी घडी घालून बसायचे. वर्षभरात तीन इंच उतरले. या वेळी तिने आकडा गल्लीभर ऐकवला. पोट सपाट झालं नाही, होणारही नाही. विरारचं स्थळ तोवर दुसरीकडे जुळलं होतं. त्या मुलाचा अलीकडचा फोटो मी बघितला आहे, पोटावरून आता त्यालाही बसमध्ये जागा मिळत असेल.

पुढे मावशीचे डोळे गेले. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग टेपवरचे आकडे दिसेनात. दुकान बंद झालं आणि भाऊ तिला उत्तनजवळच्या डोंगरी गावात आपल्या घरी घेऊन गेला. मी रविवारी बसने जायचे. पेनचा डोस ती कटकट आवाजावरून मोजायची, मी फक्त शेजारी बसून मनात मोजायचे. एकदाही चुकली नाही. शिव्या मात्र चालू होत्या, भावाला, भावजयीला, मला, उत्तनवरून उशिरा येणाऱ्या बसला.

शेवटच्या एका रविवारी मी तिला विचारलं, त्या दिवशी तुला नुसत्या टेपवरून कसं कळलं?

"माझा साखरपुरा झालेला," ती म्हणाली. "नवऱ्याची भैन बोलली, कमर जारी हाय. मी दोन महिनं सुई अर्धी केली. मंग परली. पंधरा दिस दवाखान्यान. लगीन मोरला." मग डोळ्यांवरून हात फिरवला. "डॉक्टर बोलतो, डोले त्याच्यान न्हाय गेले, पुढच्या वर्सांच्या साखरेन गेले. आसल. पन तवा मना कोन वरडला न्हाय गो. सगली बोलली, छान दिसतंस."

ती गेली त्याला आता दोन वर्षं झाली. मला तिची फार आठवण येते.

परवा तपासणीला गेले होते. बाकावर शेजारी अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी, आमच्याच आजाराची, आईबरोबर बसली होती. आई अभिमानाने सांगत होती, दीड महिन्यात सात किलो उतरवलं हो पोरीने, कॉलेजात सगळ्या मैत्रिणी विचारतात. मुलगी बाटलीतून घटाघटा पाणी पीत होती. ती बाटली तिसरी होती, मी मोजत होते. मी तिच्याकडे वळून सरळ विचारलं, "सुई चुकवतेस?"

"नाही," ती म्हणाली.

मग मी ओरडले. अख्खा दवाखाना वळून बघायला लागला. तिच्या आईने "तुम्ही कोण हो बोलणाऱ्या?" म्हणून माझा दंड धरला, कंपाउंडर धावत आला, मुलगी ओंजळीत तोंड घालून हुंदके द्यायला लागली. तिला आत डॉक्टरांकडे नेईपर्यंत मी ओरडतच राहिले.