कुट्टीशी कट्टी

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, तोंडाचं बोळकं झालेलं मान्य नव्हतं. कवळी तर त्याहून नव्हती. ती पेल्यात पडून असायची आणि आबा दुधात कुस्करलेली भाकरी खायचे, तीही दार लावून. धायरीतली जमीन इमारतींखाली गेली, म्हशी गेल्या, पण वरातीत नाचून म्हातारी झालेली घोडी त्यांनी पार्किंगपलीकडे ठेवलीच.

मग घोडीचेही दात झिजले. कडबा चघळायची आणि गोळे थुंकायची. बरगड्या दिसायला लागल्या. आबांनी तोडगा काढला: कडबा यंत्रातून अगदी बारीक कापायचा. अशा कुट्टीवर जन्मभर म्हशी पोसल्या होत्या ना! घोडीने ती कोरडी कुट्टी न चावताच भराभर गिळली आणि संध्याकाळी पोट दुखून खुरांनी जमीन उकरू लागली. आबांचा चेहरा मला बघवेना.

"अहो, म्हैस गिळलेलं परत तोंडात आणून रवंथ करते," डॉक्टरबाई इंजेक्शन देताना म्हणाल्या. "घोड्याला चावायची संधी एकदाच. भुगा करू नका. जरा लांब कापा, भिजवून मऊ करा, थोडं थोडं द्या. पण तिने खाल्लं पाहिजे, नाहीतर अवघड आहे."

पोट मोकळं झालं, पण भिजलेल्या कुट्टीकडे घोडीने चक्क पाठ फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. आबांनीही जेवण टाकलं.

"आबा, कुट्टीशी कट्टी केलीये तिने," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. मलाही हसू येत नव्हतं.

सकाळी खराडीला ऑफिसला निघाले तर खाली हे दृश्य. आबा घोडीशेजारी बादली पालथी घालून बसलेले, हातात दूधभाकरीची वाटी. समोरच्या इमारतीच्या सगळ्या बाल्कन्या बघत होत्या. आबा मुद्दाम मचमच आवाज करत खात होते.

"बघ, म्या बी मऊच खातोय. लाज कसली त्यात? खा की गं बये!"

घोडीने त्यांची वाटी हुंगली. मग स्वतःच्या घमेल्यात तोंड घातलं आणि सावकाश चावू लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"झाली बट्टी," मी म्हटलं.

"झाली," आबा म्हणाले. "आता त्या कवळीचं नाव घरात काढायचं न्हाय."

अजूनही दोघं एकाच वेळी जेवतात. आबा आता दार लावत नाहीत.