तिसऱ्या पानावरचं वाक्य

व्हर्ना टॅकेटला शेजारपाजारचे सोशिक म्हणत, पण तो शेजारपाजाऱ्यांचा भाबडेपणा. सोसायचं तर आधी दुखावं लागतं, आणि व्हर्नाला दुखायचं केव्हाच बंद झालं होतं. एका अंगावर फार वेळ निजलं की हात बधिर होतो, आपला असून आपला वाटत नाही, तसं तिचं सगळंच झालं होतं. नवरा जेवायला आला की ती ताट वाढायची. नाही आला की ताटावर झाकण ठेवायची. दोन्हीत तिला फरक वाटत नसे.

नवरा म्हणजे ओर्व्हिल. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून ओहायोत टायरच्या कारखान्यात आलेल्या हजारोंतला एक. बोलायला असा गोड, की उधार न देणारा दुकानदारसुद्धा त्याच्यासाठी खुर्ची पुढे करी. हातात कसब होतं आणि मंदीतही त्याची नोकरी टिकली होती. पण दारूबंदी उठली आणि ओर्व्हिल आडवा झाला. म्हणजे बंदी होती तेव्हाही तो पीतच होता, गावाकडची हातभट्टी. फक्त तेव्हा ती शोधायला थोडं चालावं लागे, तेवढाच काय तो व्यायाम.

बाटल्या तो तळघरात कोळशाच्या ढिगामागे ठेवायचा. त्या कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून त्यानं तळघराला कुलूप ठोकलं, आणि किल्ली खिशात. त्यामुळे झालं काय, तर थंडीत शेगडी पेटवायला कोळसा हवा असला तर व्हर्नाला नवऱ्याकडे किल्ली मागावी लागे, आणि नवरा कुठे पडलाय ते आधी शोधावं लागे. कित्येक दिवस ती कोट घालूनच स्वयंपाक करी.

अशाच एका सकाळी तो स्वयंपाकघराच्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेला तिला सापडला. रात्रीची उतरली नव्हती, सकाळची चढली नव्हती. तिनं किल्ली मागितली. त्यानं ती खिशातून काढली, तळहातावर ठेवून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "आरोपी मीच, न्यायाधीश मीच, आणि तुरुंगाच्या किल्ल्याही माझ्याच खिशात. कुणीतरी घ्या गं या किल्ल्या."

व्हर्ना समोर उभी होती. हात पुढे करायचा होता, एवढंच. पण तिचा हात काही पुढे झाला नाही. थोड्या वेळानं ओर्व्हिलनंच किल्ली परत खिशात टाकली आणि तो भिंतीला टेकून झोपला. उठल्यावर त्याला यातलं काहीही आठवत नव्हतं. त्याला कधीच काही आठवत नसे.

शुक्रवारच्या मंडळींकडे ती जायला लागली ती उबेसाठी, दुसरं कारण सांगण्यात अर्थ नाही. लॉटी प्राइस म्हणून तिच्या चर्चमधली एक बाई होती. लॉटीचा नवरा हार्लन पूर्वी वर्तमानपत्राचा संपादक होता. दारूपायी तिथून त्याला हाकललं होतं. आता काही वर्षं तो थेंबाला शिवला नव्हता, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी त्याच्या दिवाणखान्यात त्याच्यासारखीच दारूतून सुटलेली माणसं जमत. कुणी आपली कथा सांगे, बाकीचे ऐकत. बायका स्वयंपाकघरात डोनट तळत आणि कॉफी उकळत. नवरा आला नाही तरी बायको चाले. लॉटीच्या घरात कोळसा भरपूर असे. व्हर्ना शेगडीजवळची खुर्ची धरून बसायची आणि कुणी काही विचारलं नाही की तिला बरं वाटायचं.

पुढे मंडळींनी पुस्तक काढायचं ठरवलं. दूरदूरच्या गावांहून पत्रं येत होती, प्रत्येकाला जाऊन भेटणं शक्य नव्हतं. हार्लनला कळलं की व्हर्ना लग्नाआधी विमा कंपनीत टायपिस्ट होती. झालं, टायपरायटर तिच्या घरी आला. ती नको म्हणाली नाही, हो म्हणाली असंही नाही.

पुस्तक लिहायची त्यांची तऱ्हा वेगळी होती. प्रत्येकानं आपण कसे सुटलो ते एका कागदावर लिहून लॉटीकडे द्यायचं. लॉटी स्वयंपाकघरातल्या कात्रीनं वरची नावाची पट्टी कापून शेगडीत टाकी, मग कागद हार्लनकडे जाई. कुठला कागद कुणाचा हे विचारायचं नाही, ओळखलं तरी बोलायचं नाही. नाव आलं की माणूस फुगतो, आणि फुगलेला माणूस साजरं करायला कुठे जातो ते सगळ्यांना ठाऊक होतं. हार्लन मग त्या कागदांच्या पट्ट्या कापी, जेवणाच्या टेबलावर मांडी, खाली वर करी, आणि पिठाच्या खळीनं चिकटवी. महिनोन्महिने प्राइसांच्या घरी कुणाला टेबलावर जेवण मिळालं नाही.

आणि भांडणं! कारखान्यात संप झाला तेव्हा झाली नसतील एवढी. देवाचं नाव किती वेळा घ्यायचं यावर दोघं जण महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. हार्लननं आधी सगळं 'तुम्ही असं करा, तुम्ही तसं करा' अशा थाटात लिहिलं होतं. एमेट नावाचा एक नळदुरुस्तीवाला होता, जाडजूड आणि फटकळ. तो म्हणाला, "मला कुणी 'असं कर' म्हणालं की मी मुद्दाम उलटं करतो. माझ्या बायकोला विचारा. आपण काय केलं तेवढं सांगा, पुढचं ज्याचं तो बघेल." मतं घेतली, आणि पुस्तकभर 'तुम्ही'चं 'आम्ही' झालं. व्हर्नानं सगळं पुन्हा टाइप केलं.

चूक झाली ती नव्या रिबिनीमुळे. व्हर्नानं टायपरायटरला शाईची रिबीन घातली आणि उमटतंय की नाही हे बघायला अर्ध्या कागदावर मनात आलं ते बडवलं. मनात आलं ते ओर्व्हिलचं त्या सकाळचं बोलणं. त्यात दुःख नव्हतं की राग नव्हता. दुसरी एखादी बाई अशा वेळी किराणा सामानाची यादी बडवेल, तसंच ते. तो अर्धा कागद गठ्ठ्यात राहिला आणि गठ्ठ्याबरोबर हार्लनकडे गेला. त्यावर नाव नव्हतंच, म्हणजे लॉटीनं कापलं असणार असं त्याला वाटलं.

पुढच्या शुक्रवारी हार्लननं तो सगळ्यांना वाचून दाखवला. "ज्यानं हे लिहिलं त्याला आजार मुळापासून कळलाय," तो म्हणाला. "माझी शंभर पानं एकीकडे आणि हे एकीकडे." एकानं डोळे पुसले. व्हर्ना शेगडीजवळ बसून ऐकत होती. हे आपल्या नवऱ्याचं आहे, आणि तो आत्ता घरी बाथरूमच्या दाराशी पडलाय, हे तिला सांगता आलं असतं. पण सांगायला तोंड उघडावं लागतं.

वाद झाला तो शेवटच्या तुकड्यावर. किल्ल्या घ्या म्हणणं एमेटला भीक मागितल्यासारखं वाटलं. हार्लनलाही पटलं, पुस्तकानं ताठ उभं राहावं, हात पसरू नयेत. मतं झाली आणि तो तुकडा कापला गेला. छापील पुस्तकात तिसऱ्या पानावर आलं ते असं: "आरोपी आम्हीच, न्यायाधीश आम्हीच, आणि तुरुंगाच्या किल्ल्याही आमच्याच खिशात." ते टाइप करताना व्हर्ना पूर्णविरामाशी किंचित थांबली. मग पुढचं पान घातलं.

पुस्तक बाहेर पडलं, बऱ्यापैकी खपलंही. मंडळींत प्रथा पडली की नवा माणूस आला की तिसरं पान त्याच्याकडूनच वाचून घ्यायचं. निदान त्याला स्वतःचा आवाज चारचौघांत ऐकायची सवय होते. व्हर्ना दर शुक्रवारी ते वाक्य कुणा ना कुणाच्या तोंडून ऐकायची. न्हाव्याच्या, शिक्षकाच्या, बस ड्रायव्हरच्या. त्यांतले बरेच सुधारले. आणि वाक्याचा धनी घरी फरशीवर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण म्हणतात. इथला पाषाण कोरडासुद्धा नव्हता. त्या हिवाळ्यात त्याची नोकरी गेली. डॉक्टरांनी व्हर्नाला बाजूला घेऊन सांगितलं की यकृत मोठं झालंय, असंच चाललं तर हा पुढची थंडी बघणार नाही. तिनं मान डोलावली आणि बसभाडं मोजलं.

मग दुसरी आवृत्ती निघायची झाली. हार्लननं व्हर्नाला दुरुस्त्यांची यादी करायला सांगितलं, शनिवारी ती छापखान्यात जायची होती. गुरुवारी व्हर्ना लॉटीच्या स्वयंपाकघरात गेली आणि उभ्या उभ्याच म्हणाली की तिसऱ्या पानावरचं ते वाक्य काढायचंय.

"अगं, का?" लॉटीनं विचारलं.

"ते ओर्व्हिलचं आहे."

लॉटी पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली. व्हर्नानं रिबिनीची हकिकत सांगितली, हवामान सांगावं तशी. सुटकेच्या पुस्तकात न सुटलेल्या माणसाचं वाक्य म्हणजे लबाडी आहे, ती म्हणाली. लोक विश्वासानं वाचतात. उद्या तो मेला आणि कुणाला कळलं तर सगळ्या पुस्तकावर थुंकतील.

लॉटी म्हणाली, "वाट दाखवणारा खांब स्वतः कधी गावाला जातो का? आणि हार्लनला हे सांगायचं असेल तर तूच सांग. नावं जाळायचं काम माझं, सांगायचं नाही." मग हळू आवाजात तिनं विचारलं, "व्हर्ना, तुला त्याचं वाक्य नकोय, की तोच नकोय?"

व्हर्ना तशीच वळली आणि घरी गेली. वाक्य कशानं तरी खुपत होतं, एवढं खरं. इतक्या वर्षांत तेवढंच एक खुपत होतं, आणि तेच तिला काढून टाकायचं होतं.

शुक्रवारी ती यादी पर्समध्ये घालून निघाली. तिसऱ्या पानापुढे तिनं 'वाक्य गाळावं' असं लिहिलं होतं. दार उघडते तो ओर्व्हिल अंगणातच उभा. दाढी केलेली, दोन ठिकाणी कापलेली. पायात दुसऱ्याच कुणाचे तरी बूट होते, पिवळट आणि एक नंबर मोठे.

"सकाळी उठलो तर हे पायात होते," तो म्हणाला. "कुणाचे ते माहीत नाही. व्हर्ना, मी काल कुठे होतो तेच मला माहीत नाही." तो घाबरलेला होता. गोड बोलणं कुठल्या कुठे गेलं होतं. "तुझे ते शुक्रवारवाले कॉफी देतात ना?"

देतात, ती म्हणाली. दोघं चालत गेले. वाटभर ते बूट सारखे फटफट वाजत होते.

दिवाणखान्यात एमेटनं त्याला एकवार न्याहाळलं, कॉफी अर्धाच कप दिली, म्हणजे हात थरथरला तरी सांडू नये. मग प्रथेप्रमाणे हार्लननं त्याच्या हातात पुस्तक देऊन तिसरं पान उघडलं. व्हर्ना शेगडीजवळ पर्स मांडीवर घेऊन बसली होती. लॉटी डोनटचं ताट हातात घेऊन दारात उभी राहिली, आत आली नाही.

ओर्व्हिल वाचू लागला. वाचणं त्याचं बेताचंच. शब्दावर बोट ठेवून तो पुढे सरकत होता. "आरोपी आम्हीच," तो म्हणाला, "न्यायाधीश आम्हीच, आणि तुरुंगाच्या किल्ल्याही आमच्याच खिशात." आणि थांबला. ओळीवरून परत बोट फिरवलं. पान उलटून पाहिलं.

"इथे काहीतरी राहिलंय," तो म्हणाला.

"काय राहिलंय?" हार्लननं विचारलं.

"असं कसं संपेल? किल्ल्या खिशात आहेत एवढंच सांगून माणूस गप्प बसेल का? तो म्हणेल ना, कुणीतरी घ्या या किल्ल्या."

तो तुकडा कापला तेव्हा खोलीत होते त्यांतले अर्धेअधिक आजही होते. एमेटनं कप खाली ठेवला. हार्लननं आधी ओर्व्हिलकडे पाहिलं, मग सावकाश व्हर्नाकडे, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला सगळं समजलं. विचारायचं नाही हा नियम त्याचाच होता. त्यानं खिशातून पेन्सिल काढली, स्वतःच्या पुस्तकात तिसऱ्या पानावर काहीतरी लिहिलं आणि पेन्सिल परत ठेवली.

"कुणी लिहिलंय हो हे?" ओर्व्हिल म्हणाला. "माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिल्यासारखं आहे."

"आपल्यातल्याच कुणीतरी," हार्लन म्हणाला.

"मग? सुटला का तो?"

हार्लन जमिनीकडे बघत राहिला. शेवटी व्हर्नाच बोलली. या खोलीत चारचौघांसमोर ती पहिल्यांदाच बोलत होती.

"अजून कळलं नाही," ती म्हणाली.

ओर्व्हिलनं मान हलवली, ते त्याला पटण्यासारखं होतं. बोट ठेवून तो पुढची ओळ वाचू लागला.

निघताना व्हर्नानं यादी हार्लनला दिली. तिसऱ्या पानापुढचं 'गाळावं' खोडून तिनं तिथे 'कापलेला तुकडा परत घालावा' असं लिहिलं होतं. हार्लननं वाचलं आणि यादी कोटात ठेवली. बाहेर फाटकाशी ओर्व्हिल उभा होता. तो खिसे चाचपत होता, आणि कशासाठी हे त्याचं त्यालाही नीट कळत नसावं. मग तळघराची किल्ली निघाली. ती त्यानं तळहातावर ठेवली आणि बघत राहिला, त्या सकाळी बघत बसला होता तसाच.

या खेपेला व्हर्नानं हात पुढे केला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती आणि किल्ली त्याच्या अंगाच्या उबेनं कोमट झाली होती. ती कोमट आहे हे तिच्या बोटांना कळलं.