भाऊजींच्या कोठ्या

आमगावच्या आमच्या भाऊजींइतका झाकणावर विश्वास असलेला माणूस अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सापडायचा नाही. ताईचे हे यजमान म्हणजे गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांच्या घरात तांब्यावर झाकण, झाकणावर वाटी आणि चष्म्याच्या डबीला वरून रबर. कॉम्प्युटरच्या लिनक्स प्रणालीत एका फाईलच्या पोटात अख्खी डिस्क मावते हे कळलं, आणि या माणसाला आभाळ ठेंगणं झालं. आधी नुसत्या शून्यांनी भरलेली एक मोठी फाईल करायची, ती फॉरमॅट करायची, मग एखाद्या फोल्डरवर माउंट करायची, की त्या फोल्डरमधून फाईलच्या पोटात शिरता येतं. "पयले कोठी बांधा, मंग धान भरा," असं ते पाहुण्याला चहाआधी सांगत. एका लग्नपत्रिकेच्या फोटोसाठी त्यांनी दहा जीबीची कोठी बांधली होती. ताईने स्वयंपाकघरातून विचारलं, "का करून राहिले जी?"

"शून्य भरून राहिलो."

"जलमभर तेच तं केलं तुमी."

एकदा मात्र हसण्यावारी नेता येईना. आमची आई जाण्याआधी ताईने तिची धानाच्या रोवण्याची गाणी मोबाईलवर घेतली होती. भाऊजींनी ती कॉम्प्युटरवर उतरवली, मोबाईल पुढे बिघडला आणि गाणी तेवढ्या एका फोल्डरात उरली. ती उघडी पडलेली भाऊजींना बघवेना. त्यांनी झकास कोठी बांधली, गाण्यांच्याच फोल्डरवर माउंट केली, मशीन सुरू होताच ती आपोआप चढेल अशी सोयही केली, आणि गाणी आत भरायला फोल्डर उघडलं तर गाणी नाहीत. आत फॉरमॅट करताना आपोआप बनलेलं 'लॉस्ट अँड फाउंड' नावाचं एकच पोरकं फोल्डर. "यात हरपलं तेवढंच हाये," भाऊजी पुटपुटले. मशीन पाच वेळा बंद-चालू केलं, पाचही वेळा कोठी इमानाने आपल्या जागी हजर.

ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. मीही गेलो नि वाटेल ते बोललो, त्याची आज लाज वाटते. तिसऱ्या दिवशी भाऊजी म्हणाले, "आग लागो या कोठीले," आणि ती पुसून टाकण्यासाठी आधी अनमाउंट केली, म्हणजे फोल्डरवरून उतरवली. खाली सगळी गाणी जशीच्या तशी होती. कोठी नुसती त्यांच्यावर बसली होती.

ताईने पहिलं गाणं लावलं. मध्येच आई गायची थांबली, खोकली आणि म्हणाली, "जवाई आले का वो? पाणी दे त्याईले."

"आलो ना, आई," म्हणत भाऊजी खुर्चीवरून उठले, आणि उठून तसेच उभे राहिले. कुणीच हसलं नाही. त्या घरात आजही सगळ्याला झाकण आहे, त्या एका फोल्डराला मात्र भाऊजी हात लावत नाहीत.