मुलगी बाहेर, बाप आत

ड्रॉइंगच्या कागदावर विश्वास ठेवायचा नाही, हातातला तुकडा मोजायचा. तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला हा टर्नर एवढंच तत्त्वज्ञान शिकला होता. लेकीसाठी इंजिनिअरिंग कॉलेज शोधायला निघाला तेही तेच घेऊन.

लेकीला डिस्लेक्सिया. ओळ वाचायला घेतली की अक्षरं जागा सोडून पळतात. पण पंप खोलून समोर टाका, बघता बघता जोडून देईल. तिला परीक्षेत जादा वेळ हवा आणि प्रश्न वाचून दाखवणारं माणूस. बस्स. गुळगुळीत माहितीपत्रकात दोन्ही छापलेलंच असतं हो, छापायला काय जातं!

पहिल्या कॉलेजात तो म्हणाला, "माहितीपत्रकातली ती मदतीची खोली दाखवा." अर्धा तास किल्लीच सापडेना. सापडली तर आत मोडक्या खुर्च्यांचा ढीग. कारकून हसला, "कुणी मागतच नाही हो." मागणार कुणाकडे, कुलपाकडे? टर्नरच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या कॉलेजात प्राचार्यांनी आवाज मऊ केला. "मंद मुलांना कशाला दमवता? शिवणकाम वगैरे सोपं काहीतरी बघा."

"माझी बायको शिवते," टर्नर म्हणाला. "तुम्ही एक काज करून दाखवा, मग सोपं म्हणा."

दोन्हीकडे लेक बाहेर बाकावर बसलेली. तिच्या कानावर नको ते पडायला नको, म्हणून त्यानेच बसवलेली. काय म्हणाले विचारलं, की त्याचं उत्तर ठरलेलं, "जागा भरल्यात."

तिसऱ्या कॉलेजात वर्कशॉपच्या बाई भेटल्या, हात ग्रीसने माखलेले. "वाचून दाखवायला माणूस आहे, वेळही मिळतो. दोन सर कटकट करतात, त्यांच्याशी मी भांडते." इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं होतं. त्याने लगेच फॉर्म ओढला.

"मुलगी कुठंय?"

"राहू द्या, मी आहे ना."

बाईंनी उठून दार उघडलं आणि लेकीला आत घेतलं. "आधीची कॉलेजं कशी वाटली गं?"

"मला नाही माहीत. मी आत गेलेच नाही." मग ती बापाकडे वळली. "जागा भरल्या नव्हत्या, बाबा. दारातून सगळं ऐकू येतं."

टर्नरने टेबलावरचं पेन उचललं. दोन आठवडे अख्ख्या जगाला सुनावणारा माणूस फॉर्मच्या रकान्यांत बघू लागला.

"मंद ते म्हणाले," ती म्हणाली, "पण बाहेर तुम्ही बसवलंत. फॉर्म मी भरते. वेळ लागेल."

त्याने पेन तिच्या हातात दिलं. राग अजून तसाच होता, फक्त तो काढायला आता समोर कुणी साहेब नव्हता.