राजधानीकर

नकाशावर रेघ मारण्याआधी तो उठून खिडकीशी जायचा आणि बर्फातून लोक कसे चाललेत ते बघत उभा राहायचा. समोरच्या मैदानात आखीव वाट होती, पण बर्फ पडला की पावलं तिला सोडून तिरकीच उमटायची. "माणूस चुकत नाही, जोश्या. वाट चुकलेली असते," तो म्हणायचा.

मूळचा अलिबागकडचा बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. मुंबईच्या कॉलेजात माझा वर्गमित्र, पुढे टोरांटोत नगररचनेच्या एकाच ऑफिसात. कॉलेजात पहिला नंबर माझा. पण आफ्रिकेतल्या एका देशाची नवी राजधानी आखायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा साहेबांनी ते त्याला दिलं. मी शेजारच्या ब्रॅम्पटन उपनगरातल्या दुकानांच्या प्लाझांचं पार्किंग आखत राहिलो. त्याच्या आडनावातला 'कर' घेऊन मी त्याला 'राजधानीकर' म्हणू लागलो, टोमणा म्हणून. इथल्या मराठी मंडळींनी ते नाव कौतुकानं उचललं.

गणपतीला आमच्या बेसमेंटमध्ये सगळे त्याच्याभोवती. "पार्लमेंट कुठे ठेवलंत?" कुणीतरी विचारलं.

"ते कुठेही चालेल हो. आधी पाणी कुठून येतं ते पाहिलं."

माझी बायको त्याला आग्रहानं मोदक वाढत होती. "किती साधे आहेत ना?" ती नंतर म्हणाली. मी खुर्च्या आवरत होतो.

एकदा त्यानं अख्खा नकाशा माझ्या टेबलावर पसरला. "चूक काढ. तुझ्याइतकी कडक नजर इथे कुणाची नाही." मी चूक जीव तोडून शोधली. वीटभट्ट्यांचा धूर वाऱ्यानं थेट हॉस्पिटलात जाणार होता. हे मी त्याला एकट्याला नाही सांगितलं. भर मीटिंगमध्ये साहेबांसमोर सांगितलं. त्यानं पेन्सिलनं तिथे खूण केली. मग म्हणाला, "बरोबर आहे. हॉस्पिटल हलवतो." पुढे नकाशा दाखवताना तो प्रत्येकाला सांगायचा, "ही जागा जोशींनी सुचवली." त्याला हरवल्याचं समाधानही त्यानं मला मिळू दिलं नाही.

नंतर तिकडे सरकार बदललं, काम अर्ध्यावर थांबलं. त्या दिवशी मी चवीनं जेवलो. तो मात्र म्हणाला, "लोक राहायला आलेत ना? मग झालं शहर."

वयाची ऐंशी उलटल्यावर कॅन्सरनं तो गेला. दफनाला त्या देशाच्या वकिलातीतले एक गृहस्थ आले होते. पातळ बुटांनी बर्फात उभे राहून ते त्याच्या बायकोला म्हणाले, "माझी दोन्ही मुलं त्या शहरात जन्मली. गाव कुठलं विचारलं, की ती त्या शहराचंच नाव सांगतात."

मूठभर माती हातात घेऊन मी ऐकत होतो. रडू आलं, पण त्याच्या आधी हेवा आला.